माहेरचा खवा, सासरचं आयोडीन

सासरच्या लोकांना आधी आमच्या घरचा खवा पसंत पडला आणि नंतर मी. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून बाबा वर्ध्याला, नालवाडीतल्या एका मिठाईच्या दुकानात खवा द्यायचे. दुकान आमच्याच समाजातल्या लोकांचं. आमच्यातली काही घरं शेतीत राहिली, काही व्यापारात गेली. एका दिवाळीच्या गर्दीत त्या दुकानदारांनी बाबांना बाजूला बसवून चहा पाजला आणि घरात लग्नाची मुलगी आहे का म्हणून विचारलं. बाबांनी खरं ते सांगितलं, की आहे एक, पण ती बोलते फार. दुकानदार म्हणाले, दुकानात बोलणारंच माणूस लागतं. तेच पुढे माझे सासरे झाले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणते.

ते मला बघायला आले तेव्हा आईने घरातल्या प्रत्येक कापडाला कांजी केली होती. भाताची दाट पेज गाळून घ्यायची, कापड त्यात बुडवून पिळायचं, कडक उन्हात वाळवायचं. मोठा प्रसंग आला की कांजी, हा आईचा नेमच. आम्ही शेतीवाले, पाहुणे व्यापारी, तेव्हा घर कसं कडक दिसलं पाहिजे. पडदे, चादरी, पोह्यांच्या ताटावर झाकायचा रुमाल, सगळं ताठ. माझं पातळ इतकं कडक होतं की मला नीट बसताही येईना, आणि मामाजींनी विचारलं, मुलीची पाठ दुखते का. त्यावरून अजूनही घरात माझी थट्टा होते.

माझं माहेर कारंजा घाडगेपासून आत, हायवे सोडून जो रस्ता शेतांत शिरतो तिकडे. घरी गवळाऊ गाई आणि दोन म्हशी. सकाळचं दूध डेअरीची गाडी घेऊन जाते. संध्याकाळच्या दुधाला गाडी नाही. एवढ्या लांब, एवढ्याशा दुधासाठी दुसरी फेरी त्यांना परवडत नाही. खव्याचं सगळं अर्थशास्त्र इथून सुरू होतं. जे दूध गावाबाहेर पडू शकत नाही त्याला आटवून, लहान करून, टोपल्यात बसेल असं करायचं आणि सकाळच्या एसटीने पाठवायचं. आजूबाजूच्या घरांतलं उरलेलं दूधही आमच्याकडेच यायचं. अंगणातल्या चुलीवर मोठी कढई, खाली पऱ्हाटी म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, आणि आईच्या हातात लोखंडी सराटा, म्हणजे लांब दांड्याचं उलथनं. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तशीच विझते, त्यामुळे एक जण जाळाशी आणि एक जण कढईशी लागतोच. बाबा जाळाशी. ते जाळ कमी-जास्त करायचे आणि आई त्यांच्यावर करवादायची. त्यांचा सगळा संसार मी त्या कढईच्या दोन बाजूंना बघितलेला आहे.

पाचेक लिटर दूध आटवलं की किलोभर खवा हाती लागतो. म्हशीचं असेल तर थोडं कमी दूध पुरतं. आता त्यात सरपण धरा, दोन माणसांची संध्याकाळ धरा, एसटीचं भाडं धरा. त्यामुळे कोणी येऊन मला सांगितलं की अमुक ठिकाणी खवा तुमच्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो, की मी एवढंच विचारते, दूध काय भावाने घेता? मग माणूस मनातल्या मनात गुणाकार करतो आणि गप्प होतो. काही जण होत नाहीत. त्यांना दहा रुपये कमीही करून हवे असतात आणि वर शुद्धतेची शपथही हवी असते. अशा गिऱ्हाइकाशी मी हुज्जत घालते आणि मामाजी माझ्या पाठीमागून त्याला पेढ्याचा तुकडा देतात. आमची ही वाटणी न ठरवता ठरलेली आहे.

खव्याला उसंत नसते. संध्याकाळी आटवलेला खवा निववून, पळसाच्या पानांवर ठेवून, वरून ओलं फडकं गुंडाळून बाबा पहाटे निघायचे. कारंज्याहून आर्वी, तिथे गाडी बदलून वर्धा. फडकं ओलं अशासाठी की खवा वरून सुकून त्याला भेगा पडू नयेत. आर्वीच्या स्टँडवर बाबा त्यावर पुन्हा पाणी शिंपडायचे. मोठ्या कंपन्यांकडे गार गाड्या असतात म्हणे. आमच्याकडे बाबा आणि त्यांचा पाण्याचा तांब्या. गाडी कधी बंद पडली तर टोपल्यातला माल आंबायचा, आणि आंबलेला माल बाबा स्वतःच दुकानात न नेता परत आणायचे. त्याचा तोटा त्यांचाच. गाईपासून गुलाबजामपर्यंत जितके हात लागतात त्यांत सगळ्यात जास्त जोखीम बसमध्ये टोपलं मांडीवर घेऊन बसणाऱ्या माणसाची असते, आणि पाटीवर नाव मात्र दुकानाचं असतं. हे मी सासरी बोलूनही दाखवलं आहे. मामाजी म्हणाले, बरोबर आहे, पण पाटी बदलायला पेंटर महाग झालेत.

दिवाळी आली की सगळ्या वर्ध्याला एकदम खवा लागतो. म्हशींना मात्र दिवाळी कळत नाही, त्या रोजच्याएवढंच दूध देतात. मग एवढा खवा येतो कुठून, हा प्रश्न कोणीही विचारू शकतं, पण सणाच्या गडबडीत विचारत नाही. बाहेरगावाहून खोक्यांत भरून पांढराशुभ्र खवा येतो. त्यात काही चांगलाही असतो, उगाच सगळ्यांना नावं ठेवू नयेत. काहींत मात्र दुधाची पावडर आणि पीठ असतं. पीठ घातलं की वजन वाढतं आणि भाव उतरतो.

चार-पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीआधी टीव्हीवर कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या भेसळीच्या खव्याची बातमी आली. ती पुन्हा पुन्हा दाखवत होते. त्या खव्याचा आणि नालवाडीचा काही संबंध नव्हता, पण आमच्या काउंटरवर येणारी माणसं खव्याच्या ताटाकडे बघून बेसनाच्या लाडवांकडे वळायला लागली. खोटं करणाऱ्याला पीठ स्वस्तात पडतं, आणि खरं करणाऱ्याला आपण खरे आहोत हे पटवून द्यायचा खर्च अंगावर पडतो. मला त्या दिवसांत फार राग यायचा. राग कोणावर काढावा ते कळायचं नाही म्हणून मी टीव्हीवर काढायची, म्हणजे तो बंद करायची.

मामाजींनी राग वगैरे काही केला नाही. दुकानदारांना अन्न विभागाच्या साहेबांनी एकदा एकत्र बोलावून साध्या तपासण्या करून दाखवल्या होत्या, त्यातली एक त्यांच्या ध्यानात होती. चिमूटभर खवा पाण्यात उकळायचा, निवू द्यायचा, आणि त्यात आयोडीनचे थेंब टाकायचे. पीठ किंवा कसलाही स्टार्च असला की पाणी निळं होतं. नसला तर पिवळट, फिक्या चहासारखं राहतं. मामाजींनी मेडिकलमधून आयोडीनची बाटली आणली, काउंटरवरच छोटी शेगडी आणि काचेचे ग्लास मांडले, आणि बाहेर फळ्यावर खडूने लिहिलं, की इथे येणारा प्रत्येक खवा गिऱ्हाइकांसमोर तपासला जाईल, आणि ज्याचा निळा निघेल त्याचा माल पुन्हा कधीही घेतला जाणार नाही.

पहिल्याच आठवड्यात एका बाहेरगावच्या माणसाचा खवा शाईसारखा निळा निघाला. तो माणूस खोकं उचलून गेला तो गेलाच. समोर उभ्या असलेल्या बाईने तिथल्या तिथे दोन किलो पेढे घेतले. गिऱ्हाईक परत यायला लागलं. मीही खूश होते.

मग रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं, व्याह्यांचा खवा कधी येणार आहे? माझ्या नवऱ्याने हळूच सुचवलं, की बाबांचा माल मागच्या दाराने घेऊ, तो कशाला तपासायचा, इतकी वर्षं घेतोय. सासूबाई म्हणाल्या, मुलीच्या बापाचा माल चारचौघांत तपासायचा म्हणजे त्याला दारात उभं करण्यासारखं आहे. मामाजी पाणी प्याले आणि म्हणाले, की फळ्यावर प्रत्येक असं लिहिलंय. व्याही वगळून असं लिहिलेलं नाही. आज मागच्या दाराने घेतला तर उद्या लोक म्हणतील, घरचाच तेवढा तपासत नाहीत.

त्यांचं बरोबर होतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. आमच्या खव्यात पीठ नसणार हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं, त्यामुळे भीती नव्हती. तरी वाईट वाटलं. मी आईला फोन करून सगळं सांगितलं, फळ्यावरच्या मजकुरासकट. सांगताना आवाज चढला असणार, तो चढतोच. आईने फार काही विचारलं नाही. कधी, एवढंच विचारलं. मी म्हटलं, येत्या सोमवारी बाबा येतील तेव्हा.

सोमवारी बाबा आले ते इस्त्रीचा सदरा घालून. टोपल्यावरचं फडकं नेहमीचं नव्हतं. जुन्या धोतराचंच होतं, पण पांढरंफेक, चारी बाजूंनी दुमड घातलेलं. काउंटरपाशी सात-आठ माणसं होती. दिवाळी तोंडावर होती आणि आता आयोडीनची गंमत बघायलाही लोक थांबत. मामाजींनी बाबांना खुर्ची दिली, बाबांनी ती घेतली नाही. मामाजींनी मोठ्याने सांगितलं, की हे माझे व्याही, आणि यांचाही माल तुमच्यासमोर तपासतो. त्यांचा हेतू चांगला होता. त्यांना बाबांचा मान वाढवायचा होता.

फडकं सोडलं. खव्याचा गोळा नेहमीसारखाच, किंचित तांबूस, दाणेदार. मामाजींनी चमच्याच्या टोकाने वरचा थोडा खरवडून घेतला, पाण्यात उकळला, ग्लास निवत ठेवला. तोवर त्यांनी बाबांना पावसापाण्याचं, कपाशीचं विचारलं. मग बाटली उघडली आणि थेंब टाकले.

पाणी निळं झालं.

गडद नाही, पण निळं. दोन्ही हातांत गल्ल्याचे सुटे पैसे धरून मी ते बघत होते. मामाजींनी ग्लास उजेडाकडे धरला, जणू उजेडात तो पिवळा दिसेल. पुढे उभी असलेली एक बाई दुसरीला म्हणाली, घरचेच असे असतात बघा. दोन-तीन जण निघून गेले. जाताना ते भांडले नाहीत, काही बोलले नाहीत, नुसते गेले. मला ते भांडण्यापेक्षा वाईट वाटलं.

बाबा ग्लासकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न कळणं होतं. आयुष्यात एकदाही चमचाभर पीठ न घातलेल्या माणसाला आपल्याच खव्याचं पाणी निळं कसं झालं हे कळणार कसं? तरी ते आपल्या व्याह्यांना, मामाजींना, म्हणाले, "इवाई, फळ्यावर लिहिलं ते लिहिलं. मी माल परत नेतो. पोरीले मात्र कोणी काही बोलू नका."

त्यांनी फडकं उचललं आणि गोळ्यावर टाकायला झटकलं. तेव्हा मला ते दिसलं. फडक्याचा मधला भाग ओला, मऊ होता, पण जे कोपरे ओले झाले नव्हते ते ताठ उभे होते. बाबांनी एक कोपरा आत दुमडला, तो परत उभा राहिला. असलं कडक कापड मी जगात एकाच बाईच्या हातचं बघितलेलं आहे. त्यात जखडून मी स्वतः एकदा बसलेली आहे.

मी काउंटरच्या आतून हात घालून मामाजींच्या हातातली बाटली घेतली. चार लोकांत सुनेने सासऱ्याच्या हातातून वस्तू ओढून घेणं आमच्याकडे रीतीत बसत नाही, पण त्या वेळी काय बसतं नि काय नाही ते आठवायला सवड नव्हती. बाबांच्या हातातल्या फडक्याच्या कोपऱ्यावर मी दोन थेंब टाकले. कोपरा काळानिळा झाला, ग्लासातल्या पाण्याच्या कितीतरी पट. कोणालाच काही कळेना. मी म्हटलं, "मामाजी, कांजी. आईनं फडक्याला कांजी केली आहे. कांजी म्हणजे भाताची पेज, ती निळी होणारच. खवा मधून कापा."

मामाजींनी सुरी घेतली. गोळा मधोमध कापला, अगदी आतला, कापडाला न लागलेला खवा काढला, नवा ग्लास, नवं पाणी. उकळलं. आता ते निवायची वाट बघायची होती, आणि गरम ग्लास कोणाच्या घाईने निवत नाही. उरलेली माणसं जागची हलली नाहीत. माझा नवरा ग्लासावर वहीने वारा घालायला लागला तर मामाजींनी त्याला थांबवलं, नंतर कोणी म्हणायला नको. मग थेंब टाकले. पाणी पिवळट झालं आणि पिवळटच राहिलं. मामाजींनी तो ग्लास एकेकाच्या हातात देऊन फिरवला. माझा जीव भांड्यात पडला. बाबा दुकानाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

झालं होतं ते एवढंच. आईने ऐकलं की खवा चारचौघांत तपासणार आहेत, आणि तिने प्रसंग ओळखून प्रसंगाला जे करायचं ते केलं. ते कडक फडकं घरून कोरडंच निघालं, आणि खवा सुकू नये म्हणून बाबांनी आर्वीला नेहमीसारखं त्यावर पाणी शिंपडलं. पाण्याने कांजी सुटली आणि खव्याच्या वरच्या थराला लागली. भेसळ कोणी केली नाही, शिस्त मात्र दोघांनी पाळली.

बाबांनी मामाजींकडे एकच गोष्ट मागितली. "घरी हे सांगू नका. तिनं लय हौसेनं केलं."

मामाजींनी शब्द दिला. पण फडकं घरी परत न्यावं लागणार होतं आणि त्याच्या कोपऱ्यावर हा मोठा डाग. बाबा दुकानाच्या मागच्या नळावर गेले आणि ते फडकं स्वतः धुतलं. मी धुते म्हटलं तर दिलं नाही. चोळून चोळून धुतलं, वाळायला टाकलं, आणि जेवणही तिथेच त्याच्याशेजारी उभं राहून केलं.

निघून गेलेली माणसं मात्र तेवढ्यात गावभर पोचली होती. माझी नणंद पुलगावजवळ नाचणगावला दिलेली आहे, तिचा संध्याकाळी फोन आला, तुमच्याकडे निळा खवा निघाला म्हणे. निळा ग्लास नाचणगावला पोचला, पिवळा पोचला नाही. त्याला कोणी न्यायलाच नव्हतं. मग मामाजींनी तो न्यायचं मनावर घेतलं. तपासणी चालू असताना ते रोज काउंटरवर उभे राहून स्वतःच्या कडक सदऱ्याच्या बाहीवर आयोडीनचा थेंब टाकायचे, बाही निळी व्हायची, आणि मग ते कापडाचा किस्सा सांगायचे. लोक हसायचे, थांबायचे, खवा घ्यायचे. सासूबाई कपाळाला हात लावायच्या, कारण सदऱ्यांचे डाग त्यांच्या वाट्याला. त्या दिवाळीला आम्ही बाबांचा सगळा खवा विकला आणि कमी पडला. फळ्यावरच्या मजकुरात मामाजींनी एक ओळ वाढवली, की खवा वरून आणि मधून, दोन्हीकडून तपासला जाईल. अजूनही तसाच तपासतात. आयोडीनची बाटली फार महाग नसते, तिच्यामागे उभं राहायला माणूस लागतो, तो महाग पडतो.

आईला कोणी काही सांगितलं नाही. खवा चांगला निघाला, सगळ्यांनी वाखाणला, एवढंच बाबांनी घरी सांगितलं. आई खूश झाली आणि तिने ठरवून टाकलं, की यापुढे वर्ध्याला जाणारं फडकं कांजीचंच. आता आली का पंचाईत. कांजी नको म्हणावं तर का ते सांगावं लागणार. मग बाबांनी एक उपाय काढला. पिशवीत एक साधं, मऊ फडकं वेगळं ठेवायचं. घरून निघताना आईचं कडक फडकं कोरडंच वरून घालायचं, आत पळसाची पानं. कारंज्याचा स्टँड मागे पडला की ते काढून पिशवीत टाकायचं आणि साधं फडकं ओलं करून गुंडाळायचं. आर्वीला पाणी शिंपडायचं ते त्यावर. परतताना कांजीचं फडकं घडी करून आईला द्यायचं. इतक्या वर्षांच्या बसच्या प्रवासात त्यांना एवढं गुपित काम कधी मिळालं नव्हतं, आणि मला वाटतं त्यांना त्यात मजा यायला लागली होती.

गेल्या वर्षी माझ्या लेकीच्या वाढदिवसाला आई चार दिवस राहायला आली. दुकानात बसायची तिला हौस. मी कामात होते, आई काउंटरच्या आत खुर्चीवर, आणि एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने तिला मोठ्या प्रेमाने विचारलं, की ते निळं झालेलं फडकं तुमचंच ना? माझ्या हातातला तराजू तसाच राहिला. मामाजी खोकले. आई मात्र शांतपणे म्हणाली, हो, माझंच, आणि त्या माणसाला बर्फी घेऊन पाहा म्हणाली.

दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी तिला विचारलं, तुला कधी कळलं.

"त्याच दिवशी," आई म्हणाली. "तुह्या बाबानं लग्न झाल्यापासून सोताचा रुमाल धुतला नाई. अन् त्या दिवशी फडकं धुऊन, वाळवून, घडी करून आणलं. कडक गेलं होतं, मऊ आलं. मले समजत नाई काय?"

मी म्हटलं, मग अजून कांजी का करतेस, बाबा ते रस्त्यातच बदलतात. तर म्हणाली, तेही माहीत आहे, कांजीचं फडकं जसं घडी घालून दिलं तसंच्या तसं परत येतं, त्याला खव्याचा वाससुद्धा नसतो. आपण बंद केलं तर त्यांना कळेल की आपल्याला कळलं, आणि मग ते मनाला लावून घेतील. मला हसू आवरेना. दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून इतकी सुखात होती.

आई हसली नाही. ती माझ्या लेकीचा फ्रॉक घडी करत होती. सगळ्या बाजू नीट जुळवून झाल्यावर म्हणाली, "पण बाई, तवा मी खव्यासाठी कांजी नव्हती केली. खव्याची मले कायची भीती? तू फोनवर म्हणलं, चार लोकांत तपासून राह्यले. मले वाटलं, माह्या पोरीले पुन्हा एकदा पाहाले येऊन राह्यले."

मला गलबलून आलं. बघायला आलेल्या दिवशी ज्या हातांनी माझं पातळ पेजेत बुडवून पिळलं होतं, त्याच हातांनी ते फडकं पिळलं होतं, आणि मी मात्र इतके दिवस तो किस्सा हसत हसत सांगत होते.

बाबांना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. परवाच ते आले. टोपल्यावर साधं ओलं फडकं होतं, आणि पिशवीत कडक फडक्याची घडी. मामाजींनी खवा वरून तपासला, मधून तपासला, दोन्ही ग्लास पिवळे. बाबा चहा पिऊन निघाले, तेव्हा ती घडी विस्कटू नये म्हणून मी पिशवीत सगळ्यात वर ठेवली.